पुराव्याचे ओझे कोणाच्या डोक्यावर?

महाडचा सत्याग्रह आमच्या मुलांना शिकवावा लागत नाही. तो त्यांना येतो. जयंतीच्या भाषणांतून, भीमगीतांतून, घरातल्या तसबिरीतून तो त्यांच्या अंगात भिनलेला असतो. २० मार्च १९२७ ही तारीख सांगायला त्यांना पुस्तक उघडावे लागत नाही. वर्गातल्या उरलेल्या मुलांनाही महाड येतो, पण तो पाठ्यपुस्तकातल्या परिच्छेदापुरता, पाच मार्कांच्या टीपेएवढा. एकीकडे श्रद्धा आणि दुसरीकडे टीप. दोन्हीकडे उत्तर तयार असते आणि प्रश्न मात्र कोणालाच पडत नाही. ज्याला प्रश्नच पडत नाही त्याला इतिहास शिकवायचा कसा, हा माझ्यासारख्या मास्तरापुढचा रोजचा पेच आहे.

मी शिकवतो ते कॉलेज सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. इतिहास हा विषय घेऊन माझ्यापुढे बसणारी मुले कोण, हे सांगितले पाहिजे. ज्यांना सायन्स परवडले नाही, ज्यांना कॉमर्स झेपणार नाही असे कोणीतरी सांगून टाकले, आणि ज्यांना पोलीसभरती किंवा स्पर्धा परीक्षेसाठी इतिहास बरा पडतो असे कळले आहे, अशी ही मुले. बहुतेकांच्या घरात कॉलेजची पायरी चढलेले हे पहिलेच माणूस. माझेही तसेच होते, म्हणून त्यांच्या वहीत काय लिहिलेले असते आणि काय कोरे असते हे मला न पाहताच कळते. वहीत मी सांगितलेले वाक्य असते. सर म्हणाले म्हणजे खरेच, ही आपल्याकडची शिकण्याची रीत. पोथी सांगणाऱ्यापुढे हात जोडून बसायची जी सवय आपण मोडली म्हणतो, ती वर्गात शिरून बसलेली आहे, आणि ती आपल्याही पोरांत आहे.

म्हणून गेली काही वर्षे मी महाड पुस्तकातून शिकवत नाही. चार कागद वाटतो. हे कागद दुर्मीळ मुळीच नाहीत. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांची जी इंग्रजी खंडमाला १९७९ पासून छापली, तिच्यात महाडचे पुष्कळ कागद आहेत. हायकोर्टाचा निकाल बॉम्बे लॉ रिपोर्टरच्या ३९व्या खंडात आहे. कोणत्याही जुन्या वकिलाच्या कपाटात तो सापडतो. इंग्रजी मुलांना जड जाते, तेव्हा मी शेजारी मराठी करून देतो. पण मूळ कागद हातात देतोच. त्या मुलांचे आजेपणजे ज्या कोर्टाच्या पायरीवर उभे राहत, तिथे साक्ष मराठीत होई आणि ती इंग्रजीत लिहून घेतली जाई. साक्षीदाराचे तोंड आणि कागद यांच्यामध्ये एक कारकून बसलेला असे. हे मी मुलांना सांगून पटत नाही. इंग्रजी निकाल समोर ठेवून अडखळत वाचायला लागले की पटते.

पहिला कागद ४ ऑगस्ट १९२३ चा. मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी मांडलेला आणि मंजूर झालेला ठराव. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय. सरकारने ११ सप्टेंबरला खात्याखात्यांना तसा हुकूम पाठवला. मुले कागद वाचतात, माना डोलवतात. मग मी विचारतो, ५ ऑगस्टला सकाळी महाडात काय बदलले? वर्ग गप्प. पुन्हा विचारतो, महाडच्या महारवाड्यातली बाई त्या सकाळी घागर घेऊन कुठे गेली असेल? मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणते, जिथे काल गेली तिथेच. इथे पहिला धडा होतो. कायद्याचा कागद म्हणजे घडलेली गोष्ट नसते, हे पोरांना त्यांच्या गावच्या नळयोजनेवरून आधीच माहीत असते. इतिहासाच्या कागदालाही तेच लागू करायचे हे फक्त माहीत नसते.

दुसरा कागद महाड नगरपालिकेचा १९२४ चा ठराव. चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा. ठराव झाला आणि तीन वर्षे तळ्याला कोणी अस्पृश्य गेला नाही. मधल्या काळात ५ ऑगस्ट १९२६ ला बोल्यांनी आणखी एक ठराव आणला, की ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे हे अमलात आणणार नाहीत त्यांचे अनुदान थांबवावे. मग मार्च १९२७ ची कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद, तळ्यावरची मिरवणूक, ओंजळीने घेतलेले पाणी, वीरेश्वराच्या देवळात शिरणार असल्याची अफवा, परतणाऱ्या लोकांवर झालेले हल्ले, १०८ घागरी पंचगव्य ओतून केलेली तळ्याची शुद्धी. हे मुलांना माहीत असते. मी त्यात वेळ घालवत नाही. त्यांना माहीत नसते ते पुढचे. ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. एका मुलीने विचारले होते, सर, तीन वर्षे तो ठराव कोणाला का टोचला नाही? मी उत्तर दिले नाही. तिनेच थोड्या वेळाने दिले: कोणी पाणी प्यायले नव्हते तोवर तो ठराव निरुपद्रवी होता.

तिसरा कागद दाव्याचा. इथे मी आधी फक्त तारखा फळ्यावर लिहितो. १२ डिसेंबर १९२७, महाडच्या दिवाणी कोर्टात दावा दाखल. १४ डिसेंबर, तात्पुरता मनाई हुकूम. २५ डिसेंबर, सत्याग्रह परिषद. तारखा खाली खाली लिहीत गेलो की वर्गात कुजबूज सुरू होते. दोन दिवसांत मनाई मिळाली? आणि परिषदेच्या अकरा दिवस आधी? ज्यांच्या घरात भावकीचा एखादा दावा पंधरा वर्षे तुंबलेला आहे ती मुले हसतात. मनाई हुकूम पुढे २३ फेब्रुवारी १९२८ ला उठला, पण डिसेंबरात त्याने त्याचे काम केले होते. परिषदेसाठी जमलेल्या हजारो लोकांनी कोर्टाचा मान राखून तळ्याला हात लावला नाही. मनुस्मृती जाळली, मिरवणूक काढली आणि परत गेले. हे वाचताना मुलांचे चेहरे पडतात. त्यांना तिथे विजय हवा असतो. मी तो देत नाही, कारण कागदात तो त्या दिवशी नाही.

मग दाव्यातली मागणी. काही सवर्ण रहिवाशांनी बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध मागितले होते ते असे: चवदार तळे हे फक्त स्पृश्यांच्या खाजगी मालकीच्या स्वरूपाचे आहे असे जाहीर करावे, अस्पृश्यांना तिथे जाण्याचा वा पाणी घेण्याचा हक्क नाही असे ठरवावे, आणि कायमची मनाई द्यावी. आधार अनादी रूढीचा. एका वर्षी हा कागद वाचताना एका मुलाने हात वर केला. मराठा घरातले, अबोल पोर. म्हणाला, सर, तळे जर खाजगी होते तर नगरपालिकेने ठराव कशाचा केला, आणि मागे घेतला तो कशाचा? त्या तासाला मला वाटले, एवढ्यासाठी कागद वाटत होतो. माझ्या तोंडून तेच वाक्य आले असते तर ते भाषण झाले असते, आणि त्याने ते कानाआड केले असते.

आता चौथा कागद. हायकोर्टाचा निकाल, १७ मार्च १९३७. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया. महाडच्या कोर्टात दावा १९३१ मध्येच फेटाळला गेला होता, ठाण्याच्या अपिलात १९३३ मध्ये, आणि आता मुंबईत. पाण्यासाठी ओंजळ भरल्याला दहा वर्षे व्हायला तीन दिवस कमी होते. हा निकाल मी वाटतो तेव्हा मुलांची अपेक्षा असते की कोर्टाने अस्पृश्यतेला शिव्या घातल्या असतील. ती वाक्ये शोधत ती पानभर बोट फिरवतात आणि त्यांना काहीच सापडत नाही. कोर्टाने अस्पृश्यता वाईट आहे असे म्हटलेच नाही. तसे म्हणण्याची त्याला कायद्याने मुभाही नव्हती. राज्यघटनेचे १७ वे कलम यायला अजून तेरा वर्षे होती. कोर्टापुढचा प्रश्न साधा होता. वादी सांगतात ती रूढी अनादी काळापासून आहे, हे त्यांनी शाबीत केले काय?

आणि इथे हा निकाल इतिहासाच्या विद्यार्थ्याला सोन्यासारखा आहे. कोर्ट तळ्याचे वर्णन करते. भोवती नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यापलीकडे सवर्णांची घरे, एका कोपऱ्याला थोडी मुसलमानांची. मुसलमानांना तळे वर्ज्य नव्हते. मुलांना मी हे वाचून नकाशा काढायला लावतो, आणि नकाशा काढला की त्यांना दिसते की तळ्याच्या काठी महाराचे घर एकही नाही. अस्पृश्यांनी तिथे पूर्वी पाणी भरल्याचा पुरावा नाही, हे खरेच होते. सवर्ण साक्षीदार तेच सांगत होते: आम्ही कधी पाहिले नाही. पण माणसे जिथे फिरकतच नव्हती, तिथे ती आली नाहीत एवढ्यावरून त्यांना वगळण्याची अनादी रूढी सिद्ध होते काय? कोर्ट म्हणाले, होत नाही.

निकालात आणखी एक धागा आहे, तो मी मुद्दाम उसवतो. देवळांच्या दाव्यांत कायदा उलटा चालत आला होता. १८८३ च्या फडके विरुद्ध चार्य या मुंबईच्या दाव्यात चित्पावनांनी पळशे ब्राह्मणांना देवळाच्या गाभाऱ्यातून वगळले ते कोर्टाने उचलून धरले. १९०८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तामीळ मुलखातल्या कामुदीच्या देवळातून नाडारांना बाहेरच ठेवले. दीर्घकाळची वहिवाट असली की देऊळ उच्च जातींसाठीच अर्पण झाले होते असे गृहीत धरायचे, आणि आम्हीही त्यातले आहोत हे शाबीत करण्याचा भार वगळलेल्यांवर टाकायचा. महाडच्या निकालात न्यायमूर्ती म्हणाले, तळ्याच्या बाबतीत असे गृहीत धरता येत नाही. म्हणजे भार वादींवर आला. तो त्यांना पेलला नाही. अपील खारीज.

म्हणजे बाबासाहेब हा दावा जिंकले ते शाबितीचा भार कोणाच्या डोक्यावर, या एका मुद्द्यावर. मी वर्गाला दोन गटांत बसवतो. एका गटाने वादीचे साक्षीदार व्हायचे, दुसऱ्याने उलटतपासणी घ्यायची. पहिल्या वर्षी गट पाडताना आपली मुले आपोआप एकीकडे गेली, तेव्हापासून मी चिठ्ठ्या टाकतो. महारवाड्यातला पोरगा सवर्ण साक्षीदार होतो आणि ऐटीत सांगतो, आमच्या बापजाद्यांपासून असेच आहे. पाटलाची मुलगी त्याला विचारते, तुमचे वय किती? पन्नास. मग पन्नास वर्षांपूर्वीचे तुम्हांला कसे माहीत? वडिलांनी सांगितले. वडिलांना? त्यांच्या वडिलांनी. कुठे लिहिले आहे? हसू फुटते, पण त्या हसण्यात काहीतरी सुटते आहे हे मला दिसते. 'पूर्वापार चालत आले आहे' या वाक्याला कागद दाखव म्हणणे, हे आपल्या गावात अजून कोणाला जमलेले नाही.

याच तासाला, एका वर्षी, एका मुलीने जे विचारले त्याने माझ्या सगळ्या अध्यापनाची दिशा बदलली. ती म्हणाली, "सर, तिथे शाबीत त्यांनी करायचे होते. मग व्हॅलिडिटीला आम्हीच का करायचे?"

वाचकांना हे सांगायला नको, पण तरुण वाचकांसाठी सांगतो. जातीचा दाखला मिळाला तरी तो पडताळून घ्यावा लागतो. महाराष्ट्राच्या २००० सालच्या जातपडताळणी कायद्यात आठवे कलम आहे: आपण त्या जातीचे आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची. अनुसूचित जातींनी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, विमुक्त-भटक्यांनी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, इतर मागासवर्गीयांनी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे पुरावे शोधायचे. खोटे दाखले घेऊन आपल्या जागा लाटणारे आहेत, म्हणून पडताळणी हवी, हे मीही मानतो. पण त्या मुलीचा प्रश्न त्याने संपत नाही. ज्यांना शाळेत घेतले नाही त्यांच्याकडे शाळेचा दाखला मागायचा. ज्यांना जमीन दिली नाही त्यांच्याकडे सातबारा मागायचा. आणि तो नाही म्हणजे तुम्ही नाही.

तिचा प्रश्न घेऊन मी वर्गाला सांगितले, पुढच्या आठवड्यात ज्याला वाटेल त्याने घरातला जुन्यात जुना कागद आणावा. सक्ती नाही. ही सक्ती नसण्याची गोष्ट महत्त्वाची. आपल्याकडे कागद दाखवणे म्हणजे जात दाखवणे, आणि शहरात खोली बघताना, मित्राच्या घरी जेवताना जी लपवावी लागते ती वर्गात मास्तरने काढायला लावायची, हा छळ होईल. म्हणून टेबलावर पहिला कागद माझा ठेवला. माझ्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. जन्मतारीख १ जून. मुलांनी लगेच ओळखले. आपल्या पिढ्यानपिढ्या १ जूनला जन्मल्या. आई सांगायची पोर पावसाच्या तोंडाला झाले, आणि मास्तर शाळा उघडण्याच्या हिशोबाने तारीख ठोकायचे. माझ्या आईच्या सांगण्याप्रमाणे मी दिवाळीच्या सुमाराला झालो. मग रजिस्टर खोटे का? मुले म्हणाली, तारखेबाबत खोटे, पण मास्तर कसे चालायचे त्याबाबत खरे. मी हे पुस्तकातून शिकवायला महिना घेतला असता.

पुढच्या आठवड्यात जे झाले त्याने मी चकित झालो. सवर्ण मुलांकडे फारसे काही नव्हते. त्यांना कागदाची गरजच कधी पडली नव्हती. आमची मुले मात्र प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन आली. व्हॅलिडिटीच्या फायली. पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, मोडी कागदाची फोटोप्रत आणि सोबत पैसे देऊन करून घेतलेले देवनागरी लिप्यंतर. तालुक्याच्या रेकॉर्ड रूमला खेटे घालून, बापाने मजुरी बुडवून जमवलेले. इतिहास संशोधक ज्याला प्राथमिक साधने म्हणतात त्यांचा साठा वर्गात कोणाकडे होता, तर ज्यांना इतिहास नाही म्हणून सांगितले गेले त्यांच्याकडे.

कोतवाल बुक म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूची नोंदवही, गाव नमुना नंबर १४. तिच्यात गावातला प्रत्येक जन्म, प्रत्येक मर्तिक. नोंद गावदप्तरात व्हायची, पण मर्तिकाची खबर गावोगाव नेण्याचे काम महाराचे. म्हणजे गाव ज्याच्या पायांवर चालत होते त्याचे नाव त्या वहीत कसे येते ते पाहावे. एकेरी, जातीसकट, कधी आडनावाशिवाय. एका मुलाच्या कागदात पणजोबांच्या वडिलांचे नाव 'नाक' लागून आले होते. त्याला ते चेष्टेचे वाटले आणि तो कागद दुमडून ठेवत होता. मी कोरेगावच्या स्तंभावरच्या नावांचा फोटो त्याच्यापुढे ठेवला. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची नावे तशीच 'नाक' लागून कोरलेली आहेत. त्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि बराच वेळ बोलला नाही. त्यातून त्याचे घराणे सैन्यात होते असे काही ठरत नाही, हे मी त्याला लगेच सांगितले. आवडते म्हणून जोडायचे नाही, ही शिस्त आपल्याला अधिक पाळावी लागते. आपली एक चूक सापडली की समोरचे शंभर खरे कागद बाजूला सारतात.

दुसऱ्या एका मुलाकडे कागद एकच होता. तो सोलापूरच्या सेटलमेंटमधला, काटेरी तारेच्या आत वाढलेल्या माणसाचा नातू. आजोबांचे नाव सापडले ते हजेरीच्या नोंदीत. १८७१ पासून सुरू झालेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, त्याआधी त्यांच्या लोकांना रोज हजेरी द्यावी लागे. तो म्हणाला, "सर, आम्हांला गुन्हेगार म्हणून लिहिले म्हणून आमची जात सिद्ध झाली." वर्गात कोणी हसले नाही.

हे सगळे कागद दुसऱ्यांनी आपल्याविषयी लिहिलेले. मग आपला कागद कुठे, हा प्रश्न आपसूक येतो. 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ ला निघाले, चवदार तळ्यानंतर चौदा दिवसांनी. मी पहिले काही अंक वाचायला देतो, कारण नगरपालिका, वादी आणि कोर्ट यांच्या कागदांपुढे प्रतिवादीचा कागद ठेवल्याशिवाय वर्ग उठवणे अन्यायाचे आहे. आणि त्याच्याही मागे जायचे तर १८५५ चा 'ज्ञानोदय', त्यातला मुक्ता साळवेचा मांगमहारांच्या दुःखाविषयीचा निबंध. फुल्यांच्या शाळेतली, वर्गातल्या मुलींपेक्षाही लहान मुलगी. तो निबंध मिशनऱ्यांच्या पत्रात का छापून आला, पुण्याच्या इतर पत्रांत का नाही, हा प्रश्न मुली विचारतात. मी तो निबंध समजावून सांगत नाही. एक मुलगी उभी राहून मोठ्याने वाचते, एवढेच.

आता ज्यामुळे हे लिहायला बसलो ते सांगतो. तो तळ्याच्या ठरावाचा प्रश्न विचारणारा अबोल मुलगा. सगळे कागद आणत होते म्हणून त्यानेही घरचा सातबारा आणला, आता तो मोबाईलवर निघतो. इतर हक्काच्या रकान्यात दोन शब्द होते: महार वतन. तास संपल्यावर माझ्याकडे येऊन त्याने हळूच विचारले, सर, आमच्या रानात हे कसे?

त्याला जे सांगायचे ते कागदाच्या आधाराने सांगितले. महारकीच्या कामाबद्दल मिळालेली जमीन, तिला गावात हाडोळा म्हणतात. थोड्या जमिनीपायी साऱ्या गावाची आणि सरकारची वेठ. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ ला मुंबई कायदेमंडळात वतनसुधारणेचे बिल आणले, ते पार पडले नाही. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने गेली, १ ऑगस्ट १९५९ पासून. कब्जेहक्काची रक्कम भरून जमीन मूळ वतनदारांना परत मिळणार होती, आणि जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती विकता येणार नव्हती. तुमच्याकडे ती कशी आली हे सातबारा सांगत नाही. फेरफार सांगेल. मी त्याच्या आजोबांवर आरोप केला नाही, आणि त्यांना सोडवलेही नाही.

त्याने घरी विचारले. दोन दिवसांनी त्याचे वडील कॉलेजात आले. प्राचार्यांच्या खोलीत मला बोलावणे आले. वडील रागात होते, पण त्या रागाखाली भीती होती. जमीन जाईल ही. ते म्हणाले, पोरगं शिकायला पाठवलंय, आमच्या घरात कोर्ट लावायला नाही. प्राचार्य म्हणाले, अहो सर, इतिहास शिकवा ना, सातबारा कशाला? मी म्हटले, सातबारा मी मागितला नव्हता, जुना कागद मागितला होता; आणि त्यांच्या घरातला जुन्यात जुना कागद तोच निघाला. त्यावर पुढे काही लेखी आले नाही. तोंडी सूचना मात्र झाली की असले प्रकल्प विभागाच्या संमतीने करावेत. विभागात आम्ही दोघेच आहोत.

मुलगा आठवडाभर वर्गात आला नाही. मला वाटले होते, गेला. पण तो आला, आणि नेहमीच्या जागेवर बसला नाही. पडताळणीचा प्रश्न विचारणारी मुलगी बसते त्या बाकाच्या मागे बसला. ती त्याच्याच गावची. तिच्या फायलीतल्या कोतवाल बुकाच्या नकलेत तिच्या खापरपणजोबांचे जे नाव आहे, ते त्या गटाच्या जुन्या फेरफारात असेल किंवा नसेल. दोघांनाही ते माहीत नाही. मलाही नाही. गावात एका गटावर किती महार वतनदारांची नावे असत, किती भाऊबंदांत वाटणी होई, हे पाहता नुसत्या आडनावावरून काही म्हणणे मूर्खपणाचे होईल, हे मी दोघांनाही सांगितले.

गेल्या सोमवारी दोघे मिळून तहसिलीत गेले आणि जुन्या फेरफाराच्या नकलेसाठी अर्ज केला. अर्जात कारणाचा रकाना असतो. कारकुनाने विचारले, कोर्टकाम का? वाटणी? व्हॅलिडिटी? मुलगा म्हणाला, नाही. मुलगी म्हणाली, वर्गात दाखवायचे आहे. कारकुनाने वर पाहिले, आणि रकान्यात 'शैक्षणिक' असे लिहून पावती फाडली. नक्कल गुरुवारी मिळणार आहे. कागद मोडीत असेल तर वाचणारा माणूस पंढरपूरला आहे, असेही त्याने सांगितले.